गोदामाच्या भिंतीवर ८ फुटी चेहरा चिकटवायचा तर

सांगलीतल्या काही तरुण फोटोग्राफर मंडळींचा प्रश्न आहे. मार्केट यार्डात पोती वाहणारे हमाल आणि हळकुंडं निवडणाऱ्या बायका यांचे काळे-पांढरे फोटो त्यांनी काढलेत. त्यातले काही चेहरे ८ फूट उंच करून एका जुन्या हळद-गोदामाच्या बाहेरच्या भिंतीवर लावायचेत. लहान आकारात एकदा फेविकॉलने लावून पाहिलं, तर आठवड्यात कडा सुटल्या आणि शाई ओघळली. आता विचारतायत की सरळ फ्लेक्सच छापावा का, चिकटवायला नेमकं काय वापरावं, आणि मालकाला न विचारता रात्रीत लावून मोकळं व्हावं का.

फ्लेक्स नको. आपल्याकडे चौकात ८ फुटी चेहरा दिसला की तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा, निवडीचा किंवा श्रद्धांजलीचा असतो, आणि तो फ्लेक्सवरच असतो. लोकांची नजर त्या चकचकीत पृष्ठभागाला इतकी सरावली आहे की त्यावर काहीही छापा, ती वरच्यावर निघून जाते. तोच आकार, पण रंग नाही, नाव-पद नाही, खाली शुभेच्छुकांची रांग नाही, आणि चेहरा हमालाचा, थेट गिलाव्यावर बसलेला, असं दिसलं की माणूस थांबतो. तुमच्या कामातली खोच तिथेच आहे आणि ती कागदानेच साधते. भिजलेला कागद भिंतीच्या प्रत्येक खाचखळग्यात उतरतो. विटांचा सांधा गालावरून जातो, गिलाव्याची भेग कपाळावरच्या आठीत मिसळते. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. त्यात खळ, म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकी, शिरत नाही, त्याला चौकट लागते, आणि मागची भिंत गायब होते.

रस्त्यावर कागद चिकटवणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. फ्रेंच चित्रकार अर्नेस्ट पिन्यो-अर्नेस्ट १९६० च्या दशकापासून माणसाच्या पूर्ण उंचीच्या आकृती साध्या हलक्या कागदावर छापून भिंतींना लावत आला, आणि कुठली भिंत हे तो आधी ठरवतो. जेआर या फ्रेंच कलाकाराने २००४ च्या सुमारास पॅरिसच्या उपनगरांतल्या तरुणांचे २८ मिमी लेन्सने अगदी जवळून फोटो काढले आणि शहराच्या सधन भागात नेऊन लावले. २०११ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या ‘इनसाइड आउट’ प्रकल्पात जगभरच्या लोकांना त्यांचेच चेहरे ३६ बाय ५३ इंचांच्या कागदावर छापून मिळतात आणि ते स्वतः ते लावतात. तिन्हींत चेहऱ्याइतकीच जागा बोलते. म्हणून आधी भिंत पक्की करा, मग फोटो निवडा.

२८ मिमी लेन्सची नक्कल मात्र करू नका. इतक्या जवळून नाक मोठं होतं, कान मागे जातात. जेआरच्या मुलांनी मुद्दाम तोंडं वेडीवाकडी केली होती, कारण त्यांच्याबद्दलच्या भीतीचीच त्यांना टर उडवायची होती. हमालाच्या चेहऱ्याचं व्यंगचित्र झालं तर टर त्याचीच उडेल. ५० ते ८५ मिमी, दीड मीटर अंतर, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, गोदामाच्या दारातला सावलीतला उजेड. चेहरा ८ फुटांचा होतो म्हणजे मूळच्या साधारण दहापट होतो. ३ सेंटीमीटरचा डोळा फूटभर रुंद होतो. बुबुळातला उजेडाचा ठिपकाही दहापट मोठा दिसणार आहे, आणि त्यात फोटो काढणाऱ्याची आकृतीही दिसू शकते. छापायला देण्याआधी हे मोठं करून तपासा.

फाइल किती मोठी लागते याची भीती अनाठायी आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची उभी फ्रेम ६००० पिक्सेल उंच असते. चेहऱ्याने ती पूर्ण भरली आणि ९६ इंचांत वाटली तर इंचाला ६२ पिक्सेल येतात, निम्मीच भरली तर ३१. रस्त्यावरून बघायला ते पुरतात. तरी माझा सल्ला हाफटोन करण्याचा, म्हणजे करड्या छटा काढून टाकून सगळं चित्र लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांत बदलण्याचा. इंचाला ठिपक्यांच्या १२ ते १५ ओळी ठेवा. साधारण २० फुटांवरून हे ठिपके डोळ्यांत मिसळतात आणि चेहरा दिसतो. जवळ गेलं की चेहरा मोडतो आणि नुसते ठिपके उरतात. रस्त्यापलीकडून आणि भिंतीलगत अशी दोन वेगळी चित्रं एकाच कागदात मिळतात. शिवाय व्यावहारिक फायदा मोठा: नकाशे छापायच्या मोठ्या मशिनला, म्हणजे प्लॉटरला, करड्या छटा नीट जमत नाहीत, पट्टे येतात. ठिपक्यांत फक्त काळं आणि कोरं असतं, त्यामुळे साध्या मशिनवरही छपाई स्वच्छ येते.

छपाई आर्किटेक्ट-इंजिनिअर लोक नकाशे काढतात त्या दुकानातून करून घ्या. ३६ इंची रोल, ७५ ते ८० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा बाँड कागद. विचारायचं एकच: मशिन टोनरचं आहे की शाईचं. टोनर म्हणजे काजळी मिसळलेली प्लास्टिकची पूड. ती उष्णतेने कागदावर वितळून बसते, पाण्याने हलत नाही, उन्हातही टिकते. शाईच्या मशिनमध्ये पिगमेंट शाई असेल तर चालते, पाण्यात विरघळणारी डाय शाई असेल तर अजिबात नाही. तुमची शाई ओघळली ती बहुधा याच कारणाने. फेविकॉलचा त्यात दोष नाही. सबंध काम छापण्याआधी वीतभर तुकडा मागा, त्यावर खळ लावून बोटाने मिनिटभर चोळा. बोट काळं झालं तर दुसरं दुकान शोधा. जाड कागदाचा मोह टाळा. १२० जीएसएमच्या पुढचा कागद ताठ राहतो आणि वाळताना कडा उचलतो. ग्लॉसी फोटो-पेपरमध्ये खळ शिरतच नाही. वर्तमानपत्राचा कागद भिंतीवर सुरेख बसतो, पण ओला झाला की एवढ्या लांबीचा पट्टा उचलताना हातात फाटतो आणि उन्हात लवकर पिवळा पडतो.

आता जोड. ३६ इंची रोलवर छापील रुंदी ३५ इंच धरा. दोन उभे पट्टे, मध्ये १ इंच एकावर एक, म्हणजे चित्र ६९ इंच, ५ फूट ९ इंच रुंद. जोड बरोबर नाकाच्या दांड्यावरून जातो आणि तिथे तो खपतो. काही जण हाताळायला सोपं म्हणून तीन अरुंद पट्टे करतात. समोरून काढलेल्या चेहऱ्यात ही हमखास चूक ठरते: दोन बुबुळांमधलं अंतर सव्वासहा सेंटीमीटरच्या आसपास असतं, दहापट केलं की ६२-६३ सेंटीमीटर, आणि तीन समान पट्ट्यांचे जोडही जवळपास तेवढ्याच अंतरावर येतात. म्हणजे दोन्ही जोड थेट बुबुळांवर. पाव इंच जरी चुकलं तरी माणूस तिरळा दिसतो.

आणि कागद फुगतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रोलच्या कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे भिजल्यावर तो लांबीत थोडासाच आणि रुंदीत १ ते २ टक्के वाढतो. ३६ इंचांत साधारण अर्धा इंच. दोन्ही पट्टे सारखे फुगले तर काहीच बिघडत नाही. एक दोन मिनिटं भिजला आणि दुसरा दहा मिनिटं, तर डोळे खाली-वर होतात. म्हणून घड्याळ लावून दोन्ही पट्टे सारखेच, तीन ते चार मिनिटं भिजवायचे.

खळ घरीच करा. १ किलो मैद्याला ८ लिटर पाणी. त्यातल्या २ लिटर गार पाण्यात मैदा गुठळी न राहता कालवायचा, उरलेलं ६ लिटर उकळायचं आणि उकळत्या पाण्यात कालवण धारेने सोडत सतत ढवळत राहायचं. गहू-पिठातलं स्टार्च ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगायला लागतं. दुधासारखा पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की आणखी पाच मिनिटं मंद आचेवर शिजवा. कच्ची राहिलेली खळ हाताला चिकट लागते पण वाळल्यावर पूड होऊन सुटते. सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात. शिजलेली खळ जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या कापडातून गाळून घ्या, नाहीतर प्रत्येक गुठळी चेहऱ्यावर फोड होऊन उठते. गार झाल्यावर ती घट्ट होते, तेव्हा गार पाण्याने सैल करून दह्यापेक्षा पातळ ठेवा. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करायची. ८ फूट बाय ५ फूट ९ इंच म्हणजे साधारण सव्वाचार चौरस मीटर. भिंतीला, कागदाच्या पाठीला आणि वरून असे तीन हात धरले तर गुळगुळीत भिंतीवर ३ ते ४ लिटर, खरबरीत भिंतीवर दुप्पट.

बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, किलोभर मैद्याला ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे बुरशी आणि झुरळं लागत नाहीत. रस्त्यावरच्या कामात तो घालू नका. शेळ्या आणि मोकाट गाई खळीच्या वासाने कागद भिंतीवरून ओढून खातात, हे यार्डाच्या आसपास रोज दिसतं, आणि मोरचूद विषारी आहे. शिवाय तो ॲल्युमिनियमच्या पातेल्याला खातो. त्याऐवजी १० ग्रॅम तुरटी विरघळवून घाला. तेवढ्याने खळ थोडी जास्त टिकते. आणि जनावरांच्या तोंडाला पोहोचेल अशा उंचीवर चेहऱ्याची हनुवटी आणू नका. कागदाची खालची कड जमिनीपासून ५ फुटांवर ठेवा. याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येतं.

भिंत तपासायला दोन गोष्टी पुरतात: कोरडा तळहात आणि चिकटपट्टी. तळहात फिरवल्यावर पांढरा झाला तर चुना किंवा जुनं डिस्टेंपर सुटतंय. तुमचा कागद त्या पापुद्र्याला चिकटेल आणि पापुद्र्यासकट खाली येईल. पत्र्याच्या खरवडणीने सुटं सगळं काढा, खराट्याने झाडा, मग खळीत तेवढंच पाणी मिसळून एक हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. या पहिल्या थराने भिंतीची तहान भागते आणि उरलेली धूळ बांधली जाते. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टी कोरी आली तर भिंत तयार. बाहेरचा ॲक्रिलिक रंग असेल तर उलट अडचण असते, तो पाणी पीतच नाही. जाड पॉलिश पेपर मारून चमक घालवावी लागते.

हळदीच्या गोदामाची भिंत म्हणजे स्वतंत्र प्रकरण. दाराच्या आजूबाजूला, जिथे पोत्यांची थप्पी लागते तिथे, गिलाव्यात हळदीची पूड वर्षानुवर्षं बसलेली असते. ती पाण्याने धुऊ नका, पसरते. आधी कोरड्या ब्रशने काढा, वर उरली तर ओल्या फडक्याने टिपून घ्या. जिथे नुकताच चुना मारलाय किंवा नवं सिमेंट आहे तिथे ही पूड ओली झाली की लाल होते. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं ते याच गुणाने. तो लालसर डाग ८० जीएसएमच्या कागदातून वर येतो आणि नेमका कपाळाच्या किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात उमटतो. चुना जुना, उन्हापावसाने निवलेला असेल तर डाग पिवळाच राहतो आणि उन्हात हळूहळू उडतो. तुम्हाला तो पिवळा हवा असेल तर जरूर ठेवा, या चेहऱ्यांना तो शोभेल. पण वीतभर कोऱ्या कागदाचा तुकडा त्याच भिंतीवर लावून दोन दिवस बघून ठरवा.

ओल ही सांगलीतली दुसरी गोष्ट. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या आसपास पोहोचली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक अशा भागांत पाणी कित्येक दिवस भिंतींना लागून होतं. तिथल्या जुन्या विटांच्या भिंती आजही खालच्या बाजूला लोणा धरतात: क्षार ओलीबरोबर वर येतो आणि वाळताना पांढरी बुरी होऊन फुटतो. लोणा धरलेल्या भागावर कुठलीच खळ टिकत नाही, फेविकॉलही नाही. बुरीची रेघ जिथे संपते त्याच्या फूटभर वर कागदाची कड ठेवा. बहुतेक ठिकाणी ते ४-५ फुटांच्या वरच येतं. पायरी, घाट, देवळाचा तट किंवा दगडी वाड्याची भिंत मात्र कितीही मोहात पाडो, हात लावू नका. दगडाच्या रंध्रांत गेलेलं स्टार्च पूर्ण निघत नाही आणि त्यावर शेवाळ धरतं. 

काम करायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिलमध्ये भिंत इतकी तापलेली असते की खळ लावताच सुकते. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी भिंत निवल्यावर सुरू करा, वारा नसताना. तीन माणसं, परांची किंवा दोन लाकडी घोडे आणि फळी, चुना मारायचे दोन रुंद ब्रश, एक मऊ झाडू. आधी ओळंबा सोडून नाकाच्या रेषेची उभी खूण खडूने करा. पट्टा पालथा घालून पाठीला खळ लावा, मग खळीची बाजू आत येईल अशा सैल घड्या घाला आणि घड्याळ बघा. दरम्यान भिंतीला खळ मारा. वरचा माणूस वरची कड ओळंब्याला लावतो, खालचा घड्या उलगडत सोडतो. ओढायचं नाही, ओला कागद ओढला की लांबतो. झाडू मधून कडांकडे फिरवत हवा काढा. उरलेल्या बारीक सुरकुत्या आणि फुगे तसेच राहू द्या. वाळताना कागद आक्रसतो आणि ते बहुतेक बसतात. ओल्यात ब्लेड मारलं तर ती चीर वाळल्यावर उघडते. दुसरा पट्टा जोडताना डोळ्यांपासून सुरू करा: दोन्ही डोळे एका रेषेत आले की वर आणि खाली जाऊ द्या, केसांत किंवा मानेत पाव इंच चुकला तर कुणाला कळणार नाही. शेवटी खळ निम्म्या पाण्याने पातळ करून वरून एक हात द्या, कडांना दोन. जाड दिली तर काळ्यावर पांढुरकी साय दिसते. पुढचे २४ तास पाणी लागता कामा नये.

भिंत गडद असेल किंवा जुन्या पोस्टरांचे थर असतील तर आधी कोऱ्या पांढऱ्या कागदाचं अस्तर लावा. नाहीतर ८० जीएसएममधून खालचं डोकावतं आणि चेहऱ्याची सगळी पांढरी जागा मळकी होते.

असा कागद पावसाळ्यापर्यंत टिकतो. पश्चिमेच्या भिंतीवर कमी, पूर्वेच्या किंवा वळचणीखालच्या भिंतीवर जास्त. मग कडा सुटतात, कुणी ओढतो, कुणी वर क्लासची जाहिरात लावतो. ते होऊ द्या. झाक विलेग्ले आणि रेमों एन्स या फ्रेंच कलाकारांनी १९४९ पासून पॅरिसच्या भिंतींवरची लोकांनी फाडलेली पोस्टरं सोलून आणून तीच कलाकृती म्हणून मांडली. तुमच्या चेहऱ्यांचं काय होतं याचा दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी एक फोटो काढत जा. लावण्याच्या दिवसाच्या फोटोइतकाच, कदाचित त्याहून जास्त, तो क्रम मोलाचा ठरेल.

राहिला रात्रीचा प्रश्न. सार्वजनिक ठिकाणाहून दिसणारी मालमत्ता परवानगीशिवाय विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा १९९५ चा कायदा आहे आणि त्यात कैदेची तरतूदही आहे. पण माझी हरकत त्याहून वेगळी आहे. सकाळी यार्ड उघडल्यावर भिंतीवर चेहरा तुमचा नसतो. जाब विचारला जाईल तो त्या हमालाला, त्या निवडणाऱ्या बाईला, आणि विचारणारा तिला काम देणारा असेल. न विचारता केलेल्या कामाचा धोका तुम्ही पत्करायचा असतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा नसतो. गोदाम मालकाची लेखी संमती घ्या, जागा बाजार समितीची असेल तर समितीची. मग ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्याकडे जा आणि तोंडी ‘लावू का’ विचारून थांबू नका. ८ फूट म्हणजे किती हे फोनवर कळत नाही. त्याच भिंतीवर कोऱ्या कागदाचा तेवढा तुकडा दोन खिळ्यांवर टांगून दाखवा, कुठून कुठून दिसेल ते सांगा, दोन दिवस विचार करायला द्या. मराठीत चार ओळींची संमती: कुठे, किती दिवस, आणखी कुठे वापरणार, आणि नको वाटलं तर त्याच दिवशी काढू. बाईंची संमती बाईंकडूनच घ्या, घरच्यांकडून नाही. ही सगळी खटपट केल्याने कामाची धार कमी होत नाही. उलट कुणी आक्षेप घेतलाच तर ती बाई स्वतः म्हणू शकते की हे मी लावायला सांगितलंय, आणि त्याच्या पुढे कुणाचं काही चालत नाही.

काढायची वेळ आली तर खळीचा खरा फायदा कळतो. फवारणीच्या पंपात कोमट पाणी भरून कागद दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पूर्ण भिजवा. स्टार्च पुन्हा फुगतं आणि पट्टा वरून सोलला जातो. उरलेलं लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी वापरलीत तर गिलावा निघेल. फेविकॉल एकदा वाळला की पाण्याने असा सुटत नाही, म्हणून वरच्या थरातही तो मिसळू नका. मालकाला हे प्रात्यक्षिक आधीच एका लहान तुकड्यावर करून दाखवलंत तर संमतीपत्रावर सही मिळायला वेळ लागत नाही. सोललेले तुकडे लगेच पोत्यात भरा. ओला कागद गटारात गेला तर तुंबतं आणि पुढच्या वेळी त्या गल्लीत भिंत मिळत नाही.